रॉक-पॉप गाण्यांचा पहिला क्षण : आमच्या बैठकीसाठी सुचवा

टिळकवाडीचा श्रोता

नमस्कार मंडळी,

बेळगावातील आम्ही दहाबारा जण महिन्यातून एका रविवारी कोणाच्या तरी घरी जमतो आणि दोन-तीन तास केवळ गाणी ऐकतो. पुढची बैठक टिळकवाडीत माझ्याकडे आहे. या वेळी इंग्रजी रॉक आणि पॉप गाण्यांच्या फक्त सुरुवाती ऐकायच्या, प्रत्येक सुरुवात दोनदा वाजवायची, तिच्यावर बोलायचे, आणि मग त्यांतली तीन-चार गाणी सलग पूर्ण ऐकायची, असे मी योजले आहे. त्यासाठी आपली मदत हवी आहे.

हा विषय माझ्या मनात का आला, ते सांगतो. १९८०च्या दशकाच्या अखेरीस मी महाविद्यालयात होतो. त्या वेळी कॅम्पातील एका दुकानात कोरी टीडीके कॅसेट आणि गाण्यांची यादी नेऊन दिली की आठवड्याभरात गाणी भरून मिळत असत. नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला पंचेचाळीस मिनिटे मावतात आणि माझी यादी नेहमीच त्याहून लांब असे. दुकानदाराने त्यावर स्वतःच्या बुद्धीने उपाय शोधला होता. ज्या भागात शब्द नाहीत तो भाग त्याच्या लेखी गाणे नव्हते, म्हणून तो गाळून टाकायचा. त्यामुळे ईगल्सचे ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ माझ्या कॅसेटवर ड्रमच्या दोन ठोक्यांनी सुरू होई आणि लगेच डॉन हेन्ली गाऊ लागत. गाणे तसेच आहे असे समजून मी ते दोन वर्षे ऐकले, पाठ केले, मित्रांना म्हणूनही दाखवले.

पुढे एका मित्राच्या काकांकडे त्याची तबकडी ऐकायला मिळाली. सुई टेकली, थोडी खरखर झाली, आणि एक बारा तारांची गिटार एकटीच वाजू लागली. मला वाटले, काकांनी चुकून दुसरेच गाणे लावले आहे. आठ कॉर्डची, म्हणजे एकत्र येणाऱ्या सुरांच्या गुच्छांची, ती साखळी एकदा पूर्ण झाली, दुसऱ्यांदा सुरू झाली, तिच्यात इतर वाद्ये हळूहळू मिसळत गेली, आणि सुमारे पन्नास सेकंदांनंतर माझ्या ओळखीचे ते दोन ठोके आले. तोवर मी त्या ठोक्यांकडे कधी लक्षच दिले नव्हते. त्या दिवशी ते दार वाजल्यासारखे ऐकू आले, कारण दारापर्यंतचा रस्ता मी पहिल्यांदाच चाललो होतो. ती चाल मुळात गिटारवादक डॉन फेल्डर यांची होती आणि त्यांनी ती शब्दांच्या आधीच बांधून ठेवली होती, हे पुढे वाचनात आले. म्हणजे दुकानदाराने जे काढून टाकले, त्यातूनच गाणे जन्मले होते.

तेव्हा प्रश्न असा : ज्या गाण्याच्या पहिल्या क्षणानेच आपल्याला धरले असे गाणे कोणते, आणि त्या क्षणात नेमके काय घडते? केवळ नाव नको. कोणते वाद्य, कोणता सूर, कोणती मात्रा, हे जमेल तितके सांगावे, म्हणजे बैठकीत मला ते बोट ठेवून दाखवता येईल.

शहापूरचा पेटीवाला

प्रश्न फार आवडला. मी पेटी वाजवतो आणि शिकवतो. ज्या गावात पंडित रामभाऊ विजापुरे यांची पेटी ऐकत माणसे मोठी झाली, त्या गावात पाश्चात्त्य कॉर्डविषयी लिहिताना थोडा संकोच वाटतो, तरी लिहितो.

बीटल्सच्या ‘अ हार्ड डेज नाइट’चा पहिला कॉर्ड. १६ एप्रिल १९६४ रोजी लंडनमधील ॲबी रोडच्या स्टुडिओत हे गाणे ध्वनिमुद्रित झाले. चित्रपट याच गाण्याने सुरू होणार होता, म्हणून सुरुवात ठसठशीत हवी होती. जॉर्ज हॅरिसन यांची बारा तारांची रिकनबॅकर गिटार, जॉन लेनन यांची गिटार, पॉल मॅकार्टनी यांचा बेस आणि निर्माते जॉर्ज मार्टिन यांचा पियानो एकदम वाजतात आणि सुमारे तीन सेकंद तो ध्वनी हवेत राहतो. त्यात कोणते सूर आहेत यावर वर्षानुवर्षे वाद झाला. कॅनडातील डलहौसी विद्यापीठाचे गणितज्ञ जेसन ब्राउन यांनी तर त्या ध्वनीतील कंपनसंख्या गणिताने वेगळ्या काढून पाहिल्या.

आता तो पेटीवर कसा काढायचा ते सांगतो, बैठकीत करून दाखवता येईल. सर्वसाधारणपणे जी मांडणी मान्य केली जाते, तिच्यातील सगळे सूर पांढऱ्या पट्ट्यांवर आहेत. डाव्या हाताने खालची पांढरी दोन, म्हणजे सप्तकातील दुसरी पांढरी पट्टी, दाबावी. उजव्या हाताने पांढरी चार, सहा, वरची एक आणि वरची पाच एकत्र दाबावी. भाता भरून सोडला की तो क्षण पेटीतून बऱ्यापैकी बाहेर येतो.

गाण्याचा षड्ज पांढरी पाच आहे. त्या षड्जावरून हे सूर मोजले, तर सा, रे, मध्यम, पंचम आणि कोमल निषाद मिळतात. म्हणजे मधमाद सारंग किंवा मेघ यांचे नेमके पाच सूर. एकाच वेळी दाबलेले सूर म्हणजे राग नव्हे, हे मी विद्यार्थ्यांना जितके बजावतो तितकेच येथेही बजावतो. रागाला चलन लागते, न्यास लागतो. परंतु एक गोष्ट खरी आहे : त्या कॉर्डमध्ये गंधार नाही. गाणे शुद्ध गंधाराकडे झुकणार की कोमल गंधाराकडे, याचा अंदाज कानाला येत नाही, म्हणून तो अधांतरी राहतो. मग गायक पहिली ओळ उचलतो, सोबतीच्या कॉर्डमध्ये शुद्ध गंधार येतो, आणि पाय जमिनीला लागतात. त्या क्षणाची सारी ओढ, माझ्या मते, न वाजवलेल्या एका सुरात आहे.

निपाणीचा गिटारवाला

पेटीवाले काका, आपले विवेचन मी दोनदा वाचले आणि घरातील पेटीवर तो कॉर्ड काढूनही पाहिला. तरी माझे मत थोडे वेगळे आहे. एकच कॉर्ड वाजवून लोकांना दचकवता येते, पण धरून ठेवता येते का, हा प्रश्न आहे. मी पंधरा वर्षे ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली. गणपतीत चौकात समोर दोन-तीन हजार माणसे असतात, गायक अजून माइकपर्यंत पोहोचलेला नसतो, आणि तेवढ्या वेळात तुमच्या इंट्रोने ती माणसे बांधून ठेवायची असतात. त्या कसोटीवर मला डीप पर्पलच्या ‘स्मोक ऑन द वॉटर’सारखे दुसरे उदाहरण माहीत नाही.

४ डिसेंबर १९७१ रोजी स्वित्झर्लंडमधील मॉन्त्रो येथे फ्रँक झॅपा यांचा कार्यक्रम चालू असताना तेथील कॅसिनोला आग लागली, आणि तलावावर पसरलेल्या धुरावरून हे गाणे सुचले, ही हकीकत बहुतेकांना ठाऊक असेल. मला सांगायचे आहे ते बांधणीविषयी. प्रथम रिची ब्लॅकमोर यांची गिटार एकटी येते. नंतर ड्रमची हाय-हॅट, म्हणजे एकमेकींवर आपटणाऱ्या झांजांची जोडी, आणि जॉन लॉर्ड यांचा ऑर्गन. मग पूर्ण ड्रम. अखेरीस बेस. तीच ओळ पुन्हा पुन्हा येते, पण प्रत्येक वेळी तिच्या खालची जमीन वाढत जाते. आपल्याकडे भजनात आधी टाळ, मग पखवाज, मग सगळे झिलकरी अशी जी चढण असते, तीच ही.

आता गिटार शिकणारा प्रत्येक मुलगा ही ओळ एका तारेवर वाजवतो आणि त्याला वाटते की आली. ती तशी नाही. ब्लॅकमोर दोन तारा एकत्र छेडतात आणि त्या दोन सुरांत षड्ज-मध्यमाचे अंतर असते. शिवाय ते येथे पिक, म्हणजे तारा छेडायची चकती, वापरत नाहीत, बोटांनी तारा उचलतात, त्यामुळे दोन्ही सूर एकाच क्षणी सुटतात. पिकने खरवडले की एक सूर किंचित आधी आणि दुसरा नंतर वाजतो आणि त्या ओळीचा कणा मोडतो. टिळकवाडीच्या बैठकीत हे करून दाखवायला मी निपाणीहून गिटार घेऊन येईन.

एक फजितीही सांगून टाकतो, कारण ती विषयाला धरून आहे. एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात आम्ही लेड झेपेलिनचे ‘रॉक अँड रोल’ घेतले होते. १९७१च्या या गाण्याची सुरुवात जॉन बॉनहॅम यांच्या एकट्या ड्रमने होते. आमचा ड्रमर उत्तम होता. मी त्याच्या पहिल्या ठोक्याला एक म्हणून मोजायला लागलो आणि मोजून मापून चुकीच्या जागी शिरलो. बेसवाला माझ्या भरवशावर होता, तोही माझ्याबरोबर घसरला. तीन-चार ओळी आम्ही एकमेकांना शोधत होतो. त्या सुरुवातीचा पहिला ठोका समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, नाही हे मला कोणी सांगितले नव्हते.

वडगावचा तबलजी

निपाणीकर, मी ते सांगतो. त्या सुरुवातीतला पहिला आघात तिसऱ्या मात्रेच्या पुढच्या अर्ध्या मात्रेवर आहे. तबल्याच्या भाषेत बोलायचे, तर तो समेवर येण्यासाठी आधीपासून उचललेला मुखडा आहे. मुखड्याच्या पहिल्या अक्षराला सम समजणारा माणूस चुकणारच, त्यात आपला दोष कमी आणि बॉनहॅम यांचे कसब जास्त. बैठकीत हा तुकडा वाजवाल तेव्हा आधी सर्वांना हाताने टाळी धरायला सांगा, आणि गिटार आल्यावर कोणाकोणाची टाळी उलटी पडली ते पाहा.

माझी निवड पिंक फ्लॉइडच्या ‘मनी’ची आहे. मार्च १९७३ मध्ये आलेल्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या तबकडीतील हे गाणे. आरंभी वाद्य नाहीच. नाणी खणखणतात, कागद फाटतो, गल्ल्याचे यंत्र वाजते. रॉजर वॉटर्स यांनी पत्नीच्या मातीकामाच्या भांड्यात नाणी टाकून आवाज टिपले, मग प्रत्येक आवाजाची फीत मापून कापली आणि तुकडे एकमेकांना चिकटवून त्यांचे कडे केले. ते कडे यंत्रातून फिरत राहिले की ठेका तयार.

हा ठेका सात मात्रांचा आहे. पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझा हात आपोआप रूपक तालाच्या ‘खाली’वर, म्हणजे टाळीऐवजी हात उघडण्याच्या मात्रेवर, गेला. रूपक हा एकच प्रचलित ताल असा, की ज्याची सम ‘खाली’वर असते आणि जो टाळीने सुरू न होता हात उघडून सुरू होतो. ‘मनी’ म्हणजे रूपक असे म्हणणे चूक ठरेल, कारण तीन-दोन-दोन हे विभाग तेथे नाहीत. परंतु सात मात्रा पावलात बसत नाहीत, सदैव एक मात्रा कमी पडल्यासारखी वाटते, आणि त्यामुळे आवर्तन पुढे ढकलत राहते, हा अनुभव दोन्हीकडे सारखा आहे. पुढे गिटारचा भाग येतो तेव्हा हे गाणे चार मात्रांत उतरते. तो फरक ध्यानात यायचा असेल, तर सुरुवात सात मात्रांनी पक्की मोजलेली हवी.

दुसरे, फार थोडक्यात : रॉनेट्स या तिघींचे ‘बी माय बेबी’, १९६३. हॅल ब्लेन यांचा ड्रम. तीन जड ठोके आणि चौथ्या मात्रेवर एक कडक थाप. दुसऱ्या मात्रेवरची थाप आपल्या हातून चुकून सुटली आणि मग तीच रीत ठेवली, असे स्वतः ब्लेन यांनी सांगितले आहे.

खानापूरची वाचक

आपण सर्व वाजवणारी मंडळी आहात. मी केवळ ऐकणारी आहे, तरी लिहिते.

आमच्या घरी रेडिओ होता, टेपरेकॉर्डर फार उशिरा आला. पावसाळ्यात खानापूर भागात वीज गेली की ती लवकर येत नसे, आणि बॅटरीवर चालणारा तो रेडिओ हाच एक आवाज घरात असे. वडील रात्री जेवणानंतर काटा फिरवत बसत. सांगली केंद्रावर मराठी, धारवाडवर कन्नड, आणि त्यांच्या मध्ये खरखर, शिट्ट्या, कुठलीतरी अनोळखी भाषा, एखाद्या गाण्याचा अर्धा शब्द. त्यांना हवे ते केंद्र सापडले की ते बोट उचलून मान हलवत. काटा फिरत असतानाचे ते तुकडे मला सापडलेल्या केंद्रापेक्षा अधिक आवडत, हे मी त्यांना कधी सांगितले नाही.

म्हणून पिंक फ्लॉइडच्याच १९७५ सालच्या ‘विश यू वेअर हिअर’ची सुरुवात मला प्रथम ऐकू आली तेव्हा मी हातातले काम सोडून बसून राहिले. तेथे खरोखरच रेडिओचा काटा फिरतो. तो आवाज डेव्हिड गिल्मोर यांच्या मोटारीतील रेडिओवरून घेतलेला आहे आणि त्यात क्षणभर चायकोव्हस्की यांच्या चौथ्या सिंफनीचा तुकडाही येतो. मग एक गिटार सुरू होते, पण ती पातळ, दबलेली, जणू त्याच लहान रेडिओतून येणारी. थोड्या वेळाने दुसरी गिटार वाजू लागते, ती मात्र भरदार आणि अगदी जवळची. कोणीतरी आपल्याच खोलीत बसून रेडिओवरच्या गाण्याला साथ करत आहे असे वाटते. खोकलाही ऐकू येतो. दूर गेलेल्या माणसाची आठवण काढणारे हे गाणे आहे, आणि दूर असणे म्हणजे काय, ते एकही शब्द येण्यापूर्वी दोन गिटारांच्या आवाजातील फरकाने कळते.

बैठकीत हे वाजवाल तेव्हा आवाज सुरुवातीला वाढवू नये, अशी विनंती आहे. पहिली गिटार नीट ऐकू येत नाही म्हणून लोक आवाज मोठा करतात आणि दुसरी गिटार आली की ती अंगावर येते. पहिली अंधुकच ऐकायची आहे.

शहापूरचा पेटीवाला

ताई, आपण वाजवत नाही असे म्हणता, पण दोन गिटारांतील अंतराविषयी आपण जे लिहिले ते आम्हा वाजवणाऱ्यांपैकी कोणालाही सुचले नव्हते.

आणखी एक सुचवतो, कारण ते आपल्या परिसराला लागून आहे. बीटल्सचे ‘टुमॉरो नेव्हर नोज’, एप्रिल १९६६. पहिला ध्वनी तंबोऱ्याचा. त्यानंतर रिंगो स्टार यांचा ड्रम. मिरजेच्या तंबोऱ्यांच्या गल्लीत ज्याने एक दुपार काढली आहे, त्याला तो झंकार ओळखू येणार नाही असे होणारच नाही. जवारी लागलेली, म्हणजे गुंजेल अशी जुळवलेली, तार कशी उघडत जाते, ते त्या पहिल्या सेकंदात ऐकावे. त्याच तबकडीतील ‘लव्ह यू टू’ची सुरुवात स्वरमंडळ आणि सतारीच्या तालरहित आलापाने होते, आणि त्यानंतर येणारा तबला अनिल भागवत यांचा आहे. रॉकच्या तबकडीत विलंबित आलापाला एवढी जागा मिळते याचे मला आजही समाधान वाटते.

हिंदवाडीचा विद्यार्थी

मी यांपैकी अर्धी गाणी आज पहिल्यांदा ऐकली. माझ्या पिढीच्या गाण्यांना अशा सुरुवाती फारशा उरलेल्या नाहीत. ओहायो स्टेट विद्यापीठातील २०१७च्या एका अभ्यासात दिसले, की १९८०च्या दशकाच्या मध्यावर लोकप्रिय गाण्यांत शब्द सुरू होण्याआधी सरासरी वीस सेकंदांहून अधिक वेळ जात असे, तो २०१५पर्यंत पाच सेकंदांवर आला. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकले गेले तरच गाणे ऐकले असे मोजले जाते, त्यामुळे कोणी वाट पाहायला लावत नाही.

माझ्याकडून मायकल जॅक्सन यांचे ‘बिली जीन’. आधी फक्त ड्रम, मग लुई जॉन्सन यांचा बेस, मग हलके कॉर्ड, आणि एकोणतीस सेकंदांनी आवाज. ही सुरुवात फार लांब आहे, कापावी, असे निर्माते क्विन्सी जोन्स यांचे मत होते. आपल्याला नाचावेसे वाटते ते तिच्यामुळेच, असे म्हणून जॅक्सन यांनी ती राखली.

टिळकवाडीचा श्रोता

सर्वांचे मनापासून आभार. शेवटच्या प्रतिसादाने मी चकित झालो. क्विन्सी जोन्स यांच्यासारखा थोर निर्माता आणि आमच्या कॅम्पातला दुकानदार एकाच निष्कर्षावर आले होते, असे म्हणावे लागेल. त्या दुकानदाराविषयी इतकी वर्षे मनात जो राग होता, तो हे वाचून थोडा उतरला.

क्रम असा ठरवला आहे. आरंभी पेटीवाले काका पेटीवर कॉर्ड काढतील, आणि तो विरण्याआधी मूळ ध्वनिमुद्रण लावू. नंतर ‘रॉक अँड रोल’ टाळी धरून, आणि लगेच ‘मनी’ हात उघडून. तबलजी, मोजायला आपण हवे आहात. निपाणीकरांनी गिटार अवश्य आणावी, ॲम्प्लिफायर माझ्याकडे आहे. ‘बिली जीन’ सुरू होईल तेव्हा घड्याळ विद्यार्थ्याच्या हातात असेल. तंबोरा चहापूर्वी. ‘विश यू वेअर हिअर’ला आवाजाची खुंटी खानापूरच्या ताईंकडे राहील, मध्ये कोणी हात लावणार नाही.

‘हॉटेल कॅलिफोर्निया’ शेवटी, पूर्ण. माझी ती जुनी कॅसेट अजून कपाटात आहे, आणि पेन्सिलीने फीत घट्ट करून काल ती लावून पाहिली, तर चालते. आधी ती वाजवीन, दोन ठोक्यांपासून. मग तबकडी लावीन.

खानापूरची वाचक

येते. वडिलांचा रेडिओ अजून चालतो, तोही आणते. गिल्मोर यांची गिटार सुरू होण्यापूर्वी एक मिनिट काटा फिरवून पाहू, सांगली लागते का.